दिवाणजी, सहीची घाई नको

ताई,

माझं वय ४७. लग्न झालेलं नाही. बी.कॉम. झाल्यावर मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहायला लागले, त्याला आता २३ वर्षं झाली. यार्डात सगळे मला दिवाणजीच म्हणतात. मिलवरचे धरून दुकानात आम्ही अकरा जण. पगार १९ हजार. मालकांच्या मुलानं गेल्या वर्षी जीएसटी, ई-वे बिलं, सगळं सीएंच्या ऑफिसकडं दिलं. माझ्याकडं शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि फोन एवढंच राहिलं.

बाबा २००९ मध्ये गेले. आई अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणावर होती. २०२१ च्या पुरात तिला खाटेसकट चौघांनी उचलून बाहेर काढलं होतं. गेल्या वर्षी श्रावणात ती गेली. दादा पुण्याहून महिन्याला आठ हजार पाठवायचा, बाकी सगळं मी केलं. अजून पहाटे चारला जाग येते. त्या वेळेला तिची कूस बदलायची असायची.

मला वकील व्हायचंय. आईच्या कागदांसाठी हेलपाटे घालत होते तेव्हा रांगेतल्या बायका माझ्याकडून अर्ज भरून घ्यायच्या. एका बाईचं काम नवरा गेल्यापासून दीड वर्ष अडलं होतं. मी साहेबांना नियम दाखवला आणि ते त्याच दिवशी झालं. घरी येताना पुलावर थांबून मी नुसती नदीकडं बघत उभी होते. असं मला दुकानात कधी वाटलं नाही. पण या वयात कॉलेजात जायचं? शिल्लक ३ लाख ४० हजार आहे. मावशीनं एक स्थळ आणलंय, ५६ वर्षांचे विधुर. वहिनी म्हणतात, पुण्यालाच या, एकट्या काय करता तिथं. नोकरी सोडू का, एवढंच सांगा.

एक दिवाणजी, सांगली

ता. क. : दादा दिवाळीला येतोय. घराच्या कागदांवर माझी सही पाहिजे म्हणाला. वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बोलला. घर गावभागातलं, बाबांनी घेतलेलं.

*

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझं सगळं लक्ष तुमच्या वकिलीकडं होतं. दुसऱ्यांदा ते ताज्या कलमावर गेलं आणि तिथून हललं नाही. नोकरी सोडू का, असं तुम्ही विचारलंत. आत्ता सोडू नका. वय आडवं येतं म्हणून मी हे म्हणत नाही. पत्राखाली नाव घालून झाल्यावर जाता जाता ज्या दोन ओळी लिहिल्यात, त्यांचा निकाल आधी लागला पाहिजे. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

दादांना कसली सही हवी आहे? त्यांनी सांगितलंय का? 'घराच्या कागदांवर सही' म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतात. पहिली वारस नोंद. नगर भूमापन कार्यालयातल्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो त्यावर, बाबांच्या जागी तुम्हा दोघांची नावं लागायची. ती करायलाच हवी आणि तिच्यात तुमचं काही जात नाही. दुसरं हक्कसोडपत्र. त्यात तुम्ही लिहून देता, की या मिळकतीतला माझा हिस्सा मी भावाच्या नावे सोडला. त्याला मुद्रांक किरकोळ लागतो. दुय्यम निबंधकांपुढं सही, अंगठा, फोटो, की झालं काम. नंतर मन बदललं म्हणून ते मागं घेता येत नाही. फसवून किंवा दबाव टाकून सही घेतली, हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. सख्ख्या भावाविरुद्ध ते करायला किती बहिणी जातात, हे तुम्ही आजूबाजूला पाहिलंच असेल.

वारस नोंदीसाठी हक्कसोड लागत नाही. एवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवा. 'नावं लावायचीत, त्यासाठीच सही' असं सांगितलं जातं आणि कधी कधी सांगणाऱ्यालाही फरक माहीत नसतो.

आता तुमचा हिस्सा किती ते बघू. घर बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं आहे, त्यांनी किंवा आईनं मृत्युपत्र केलेलं नाही आणि २००९ मध्ये तुमच्या आजी हयात नव्हत्या, असं मी धरते. तसं असेल तर बाबांच्या माघारी आई, दादा आणि तुम्ही, तिघांना एकेक तृतीयांश हिस्सा आला. हा नियम १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. २००५ च्या दुरुस्तीचं नाव सगळेजण घेतात, पण ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीसाठी. बाबांनी घेतलेल्या घरात मुलीचा वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पुढं आईचा तृतीयांश तुम्हा दोघा भावंडांत निम्मा-निम्मा. म्हणजे आज अर्धं घर तुमचं आहे. कुणी द्यायचं राहिलेलं नाही, आहेच.

चार वर्षं आईचं सगळं केलंत म्हणून कायदा तुम्हाला निम्म्याहून कणभर जास्त देत नाही. हे मला बरोबर वाटत नाही, पण आहे ते असं आहे. मात्र लग्न झालं नाही, पोरंबाळं नाहीत, 'तुला एकटीला एवढं घर काय करायचंय' म्हणून कणभर कमीही देत नाही.

हे मी एवढं लावून का धरते, ते सांगते. माझे वडील साताऱ्यात गेले तेव्हा मी ४१ वर्षांची होते. बिनलग्नाची, एका खासगी शाळेच्या ऑफिसात नोकरीला. मंगळवार पेठेत आमचं जुनं घर होतं, माडीच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी भावानं कागद आणला. दमदाटी कुणी केली नाही. आदल्या रात्री वहिनीनं माझ्या आवडीची शेंगदाण्याची आमटी केली होती. मी न वाचता सही केली. वाचायला मागितलं असतं तर भावावर विश्वास नाही असा अर्थ झाला असता, आणि त्या घरात त्या दिवशी तेवढा एकच अर्थ मला नको होता. पाच वर्षांनी शाळेनं माणसं कमी केली, त्यात माझी नोकरी गेली. त्याच सुमाराला घर बिल्डरकडं गेलं. एक ट्रंक आणि एक शेगडी घेऊन मी ४६ व्या वर्षी सांगलीत भाड्याच्या खोलीत आले आणि एका छापखान्यात डीटीपी शिकायला लागले. पहिले आठ महिने हातात महिन्याला दीड हजार पडायचे. ते काम मला आवडलं, पुढं त्यावरच उभी राहिले. पण त्या आठ महिन्यांत मी दुपारचं जेवण सोडलं होतं. अक्षरजुळणी शिकायला उपाशी राहायची काही गरज नसते. घरातला माझा वाटा हातात असता तर मी जेवून शिकले असते.

म्हणून माझ्या दृष्टीनं तुमची सही आणि तुमची वकिली हे दोन प्रश्न नाहीतच, एकच प्रश्न आहे.

दादा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ज्यानं चार वर्षं महिन्याला आठ हजार पाठवले, त्यानं आईकडं पाठ फिरवली नव्हती. कदाचित त्यांना खरोखरच वाटत असेल की घराचं सगळं आपणच बघायचं आणि बहीण आपल्याकडं राहायला येईल. पण ते येणार दिवाळीला. पाडवा झाला की भाऊबीज. पाटावर भाऊ बसलाय, तबकात निरांजन आहे आणि ओवाळून झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणतं, तेवढा कागद राहिलाय. त्या पाटासमोर नाही म्हणणं कुठल्याही बहिणीला जमत नाही, हे कागद आणणाऱ्यांना नेमकं माहीत असतं. तेव्हा तो क्षण येऊच देऊ नका. आत्ताच, फोनवर, दिवाळीच्या आधी बोला. असं काहीतरी : 'दादा, वारस नोंदीवर मी सही करणार आहे. दुसरा काही कागद असेल तर मला आठ दिवस आधी पाठव, मी वकिलांना दाखवून घेते. दिवाळीत मात्र कागदांचं बोलायचं नाही.' एवढं बोलून थांबायचं. कारणं द्यायची नाहीत. 'माझा विश्वास आहे रे, पण' अशी सुरुवात तर मुळीच नको, कारण 'पण'च्या पुढचं कुणी ऐकत नाही.

आणखी एक. घर विकायचं असं दादांच्या मनात असेल तर हट्टानं अडवून धरू नका, असंही मी सांगेन. गावभागातल्या घराची माया मला कळते. पण आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांच्या वर गेलं की तुम्ही काय काय उचलून ठेवायला लागता, ते तुम्हालाच ठाऊक. २०२१ मध्ये खाट उचलायला चार माणसं मिळाली. एकटीनं म्हातारपण काढायला पूरपट्ट्याबाहेरची दोन खोल्यांची जागा कदाचित जास्त बरी. तो निर्णय तुमचा. मात्र घर विकलं तर निम्मे पैसे तुमच्या खात्यात आले पाहिजेत, आणि दादांना घर ठेवायचं असेल तर त्यांनी तुमच्या हिश्श्याची बाजारभावानं रक्कम द्यावी आणि मगच तुम्ही हक्क सोडावा. तोंडी नको, कागदात लिहून. बँकेतल्या आईच्या ठेवीचंही तसंच. नॉमिनी म्हणून दादांचं नाव असेल तर बँक पैसे त्यांच्या हातात देईल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्यातही निम्मे तुमचे.

आता तुमच्या नोकरीचं आणि वकिलीचं.

तुम्ही २३ वर्षं दुसऱ्यांच्या पट्ट्या करताय. इतकी पोती, इतकं वजन, हा दर, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, हंगामाआधी घेतलेली उचल वजा, आणि खाली शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. शेवटच्या आकड्याखाली रेघ ओढल्याशिवाय तुम्ही पट्टी कुणाच्या हातात देत नाही. स्वतःची पट्टी मात्र तुम्ही पत्रात अर्धीच करून पाठवलीत. मी जमेल तेवढी पुरी करते, चूक असेल तर दुरुस्त करा.

शिल्लक ३ लाख ४० हजार. त्यात ग्रॅच्युइटी मिळवा, जिचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही. ज्या दुकानात दहा किंवा जास्त माणसं आहेत तिथं ती लागू होते, आणि एकदा लागू झाली की पुढं माणसं कमी झाली तरी लागू राहते. तुम्ही अकरा जण आहात. हिशेब सोपा आहे : शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. सगळे १९ हजार धरले तर २३ वर्षांचे सुमारे २ लाख ५२ हजार होतात. मालक चांगले असतील तर आपण होऊन देतील, पण ती त्यांची भेट नव्हे, तुमची रक्कम आहे. पीएफसाठी साधारण वीस माणसांची अट असते, त्यामुळं तुमचा पीएफ नसणार आणि पेन्शनही नसणार. म्हणजे एकूण ५ लाख ९२ हजार.

आता वजा बाजू. एलएल.बी. पदवीनंतर तीन वर्षांची. महिन्याचा खर्च तुम्ही लिहिला नाहीत, मी १३ हजार धरते. तीन वर्षांचे ४ लाख ६८ हजार. खाली उरले १ लाख २४ हजार, त्यातून फी आणि पुस्तकं अजून जायचीत. आणि सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, मिळाली की दुसऱ्या दिवशी अशील दारात उभं राहत नाही. पहिली काही वर्षं कुणा ज्येष्ठ वकिलांकडं बसावं लागतं, तिथं पेट्रोलचे पैसे सुटले तरी पुष्कळ. म्हणजे आज नोकरी सोडलीत तर पन्नाशीला तुमच्या हातात पदवी असेल आणि खात्यात लाखभर रुपये. नोकरी सोडू नका म्हणते ते या आकड्यामुळं. याच पट्टीत जमेच्या बाजूला अर्ध्या घराची रक्कम लिहा आणि पुन्हा रेघ ओढा. तळाचा आकडा बदलतो, आणि तेव्हा माझं उत्तरही बदलेल.

वयाची भीती मात्र मनातून काढून टाका. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला सध्या वरच्या वयाची अट नाही. राज्याची सीईटी द्यावी लागते आणि खुल्या वर्गाला पदवीला ४५ टक्के लागतात. बी.कॉम.ची गुणपत्रिका काढून टक्के तेवढे बघून ठेवा. घरबसल्या, पत्राद्वारे केलेला कायद्याचा अभ्यासक्रम सनदेला चालत नाही, त्यामुळं कुणी तसलं सोपं काही सांगितलं तर पैसे भरू नका. पदवीनंतर बार कौन्सिलकडं नोंदणी आणि ऑल इंडिया बार परीक्षा. शिवाय सनद घेऊन वकिली करताना पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे यार्डातली खुर्ची आणि काळा कोट, दोन्ही एकदम नाही. कधीतरी एक सोडावंच लागेल. ते कधी, एवढंच ठरवायचंय.

त्याच्या आधी एक गोष्ट करून बघा, असं मला फार मनापासून वाटतं. विजयनगरला जिल्हा न्यायालय आहे, तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट बायकांना नाही. तुमच्या १९ हजारांचा प्रश्नच येत नाही. घराच्या कागदाचा सल्ला तुम्ही तिथंच घ्यायचा. आणि तिथं गेलात की दुसरी चौकशी करायची : विधी स्वयंसेवक कधी घेणार आहात? प्राधिकरण वेळोवेळी अर्ज मागवतं, निवडलेल्यांना प्रशिक्षण देतं आणि कामाच्या दिवसाचं थोडं मानधन देतं. काम काय, तर कायद्याची पायरी चढायला भिणाऱ्या माणसाला हाताला धरून आत न्यायचं. कुठला अर्ज, कुठली खिडकी, कुठला दाखला, हे समजावून सांगायचं. म्हणजे तुम्ही रांगेत उभ्या राहून आधीच करत होता तेच.

पुलावर थांबून नदीकडं बघत राहिलात, ते मी खोटं मानत नाही. असा क्षण ज्याच्या वाट्याला येतो त्यानं तो हलक्यानं घेऊ नये. पण त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय आवडलं, हे कळायला हवं. कायदा आवडला, की त्या बाईचं दीड वर्षाचं ओझं उतरलं ते आवडलं? कायदा आवडला असेल तर कॉलेजात जा, साठीपर्यंत कोर्टात उभ्या राहा. ओझं उतरवणं आवडलं असेल तर त्याला काळा कोट लागेलच असं नाही. यार्डातल्या छोट्या व्यापाऱ्यांचे, बचत गटांचे हिशेब स्वतंत्रपणे धरायचे आणि उरलेल्या दिवसांत हे काम करायचं, असंही आयुष्य बसवता येतं. पाच-सहा दुकानांचे हिशेब संध्याकाळी दोन-दोन तास पाहिले तरी आत्ताच्या पगाराच्या आसपास जाता येईल असा माझा अंदाज आहे. तुमच्या हाताला २३ वर्षांची शिस्त आहे आणि यार्डात तुमच्या शब्दाला किंमत आहे. मालकांच्या मुलाला आज ती दिसत नसेल. जीएसटी सीएंकडं गेलं तरी पट्टीत चूक झाली की शेतकरी फोन कुणाला करतो, हे यार्डातल्या बाकीच्या व्यापाऱ्यांना दिसतंच.

हे कळायला एखादं वर्ष लागेल. लागू द्या. तोवर पगार चालू राहील. पुढच्या सीईटीला बसलात, उत्तीर्ण झालात आणि प्रवेश घेतला नाहीत, तरी काही बिघडत नाही.

स्थळाबद्दल थोडक्यात. ते गृहस्थ तुम्हाला आवडले, त्यांच्याशी दोन-चारदा निवांत बोलावंसं वाटलं, तर जरूर बोला. ४७ हे लग्नाचं वय नाही असं कोण म्हणतं? पण एकटीचं कसं होणार या धास्तीनं होकार देऊ नका, आणि घराचा निकाल लागायच्या आत तर नकोच. पुण्याचंही तेच. भाचरांना भेटायला महिनाभर जा, राहायला जाऊ नका. तिथं तुम्ही हक्काच्या माणूस असाल, पण खोली हक्काची नसेल. 'एकट्या काय करता' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देणं लागत नाही. बिनलग्नाच्या बाईचा वेळ सगळ्या घराचा सामाईक असतो, अशी आपल्याकडं समजूत आहे. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं घर राखायचं, की हिला बोलवा. तुम्ही चार वर्षं आईला दिलीत ती स्वखुशीनं दिलीत. पुढची वर्षं कुणी गृहीत धरू नयेत.

एकटीनं राहायचं तर चार गोष्टी मात्र करून ठेवा. आरोग्य विमा याच वर्षी घ्या. आधीपासूनचं दुखणं असेल तर त्याच्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणजे पन्नाशीपर्यंत तो काळ संपेल. अटल पेन्शनमध्ये शिरायचं वय ४० ला संपतं, ते गेलं. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, मात्र तुम्हाला अजून खुली आहे, महिन्याला हजार-दोन हजारांनी सुरुवात करा. घराची एक किल्ली चालत येण्याच्या अंतरावरच्या कुणाकडं तरी द्या, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेईल ती दोन नावं आजच ठरवा, त्यांना सांगूनही ठेवा. आणि मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, नोंदणी सक्तीची नाही. तुम्ही केलं नाहीत तर नवरा-मुलं नसलेल्या, आई-वडील गेलेल्या बाईचं सगळं वडिलांच्या वारसांकडं, म्हणजे तुमच्या बाबतीत दादांकडं जातं. तुमची तीच इच्छा असेल तर उत्तम. पण तसं तुम्ही ठरवलेलं असावं, आपोआप झालेलं नसावं.

पहाटे चारला तुम्हाला जाग येते, त्याबद्दल मी बराच विचार केला. लोक तुम्हाला सांगतील, त्या वेळात योगा करा, अभ्यास करा. मी तसं सांगणार नाही. चार वर्षं रोज त्या वेळेला तुम्ही एका माणसाला कुशीवर वळवून तिच्या पाठीखाली उशी सरकवलीत. हात अजून ते काम शोधतायत. उठा, दिवा लावा, चहा टाका, हवं तर आईच्या खाटेजवळ बसा. ती जाग जाईल तेव्हा जाईल. उद्या प्रशिक्षणाला किंवा प्रवेशाला गेलात आणि कुणी विचारलं की हिशेबाशिवाय काय केलंत, तर ती चार वर्षं मात्र गाळू नका. एका रुग्णाची औषधं, दवाखाने, कागद, पूर, पैसे, सगळं एकटीनं सांभाळलं, असं स्पष्ट सांगा.

आता सगळ्यात जवळचं काम. नवी हळद यार्डात यायला लागली की तुम्हाला जेवायची फुरसत नसते, मग मार्च. म्हणून दिवाळीच्या आधीच एक अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि विजयनगरला जा. बरोबर मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा, बाबांच्या खरेदीखताची प्रत, बाबांचा आणि आईचा मृत्यू दाखला, तुमचं आधार, रेशनकार्ड, आणि दादांनी काही मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर त्याची छापील प्रत. सगळ्याचे दोन-दोन झेरॉक्स. आत गेल्यावर 'मला वडिलांच्या घरातल्या हिश्श्याबद्दल सल्ला हवा आहे' एवढं सांगा. तिथं एक अर्ज भरून द्यावा लागेल. तो मराठीत लिहिता येतो. तुमचं अक्षर फार सुंदर आहे, स्वतःच्या हातानं लिहा.